मोफत ॲपकडे ‘हे फीचर द्या’ अशी मागणी केल्यावर पुढे काय होते?

‘ॲप छान आहे, पण मराठीत का नाही?’, ‘एवढे साधे फीचर द्यायला काय जाते?’ अशा कमेंट आपण रोज वाचतो. कधी कधी त्या आपणच लिहिलेल्या असतात. ॲप मोठ्या कंपनीचे असेल, तर त्या कमेंटचे पुढे काय झाले हे सहसा कळत नाही. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये मात्र मागणी कोणी केली, त्यावर काय चर्चा झाली आणि ती का नाकारली, हे बहुतेक वेळा सगळ्यांना वाचता येते. नीट मागणी केली तर लांज्यात बसलेल्या माणसाच्या सूचनेवरूनही जगभर वापरले जाणारे सॉफ्टवेअर बदलू शकते. त्यासाठी ही व्यवस्था कशी चालते हे माहीत हवे.

मुक्त स्रोत म्हणजे नेमके काय?

ज्या सॉफ्टवेअरचा कोड कोणालाही वाचता, वापरता, बदलता आणि पुढे वाटता येतो, ते मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. फायरफॉक्स ब्राउझर, पत्रे आणि हिशेब लिहायचे लिबरऑफिस, व्हिडिओ पाहायचे व्हीएलसी ही त्याची ओळखीची उदाहरणे. विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, तेही मुक्त स्रोतच.

हे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना ‘मेंटेनर’ म्हणतात. काही मेंटेनर पगारी असतात. बरेच जण नोकरी-धंदा सांभाळून रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी हे काम करतात. वापरणारे लाखो आणि सांभाळणारे दोन-चार, असे चित्र नेहमीचे आहे. पुढच्या सगळ्या अडचणी याच व्यस्त प्रमाणातून येतात.

आधी ओळखा: ही खरंच नव्या फीचरची मागणी आहे का?

‘ॲपमध्ये हे नाही’ या एकाच तक्रारीचे चार वेगळे अर्थ होऊ शकतात, आणि चारही वेगवेगळ्या ठिकाणी सांगायचे असतात.

१. बिघाड: जे चालायला हवे ते चालत नाही. उदाहरणार्थ, ‘ऱ्य’ हे जोडाक्षर छापताना फुटते. ही मागणी नाही, दोष आहे. इथे काय केल्यावर काय दिसले, हे पायरीपायरीने सांगायचे असते.

२. माहितीची उणीव: समजा, लांजा तालुक्यातली एखादी वाडी नकाशाच्या ॲपमध्ये दिसत नाही. ऑरगॅनिक मॅप्ससारखी ॲप्स ओपनस्ट्रीटमॅपची माहिती वापरतात. ही माहिती लोकांनीच भरलेली असते आणि त्यात एकाच ठिकाणाचे मराठी नाव वेगळे नोंदवायची सोय आहे. म्हणजे वाडीचे नाव दिसण्यासाठी ॲप बनवणाऱ्यांना विनंती करायची गरजच नाही. खाते उघडून ते नाव तुम्हीच भरू शकता.

३. भाषांतराची उणीव: बटणावरचा शब्द इंग्रजीत आहे किंवा मराठी शब्द चुकीचा आहे. बहुतेक मोठ्या प्रकल्पांचे भाषांतर वेगळ्या व्यासपीठावर चालते. लिबरऑफिसचे भाषांतर वेबलेट या साधनावर होते. तिथे कोड लिहिता येण्याची अट नसते.

४. नवे फीचर: आज सॉफ्टवेअर जे करतच नाही ते करायला हवे. खऱ्या अर्थाने मागणी म्हणतात ती हीच.

आपली तक्रार यांपैकी कशात मोडते हे ठरवले, की निम्मे काम झाले. चुकीच्या ठिकाणी टाकलेली मागणी अनेकदा वर्षानुवर्षे तशीच पडून राहते.

मागणीचा प्रवास

बहुतेक प्रकल्पांत मागण्या नोंदवायची एक जाहीर वही असते. गिटहब, गिटलॅब, बगझिला ही त्यासाठीची नेहमीची ठिकाणे. प्रत्येक नोंदीला क्रमांक मिळतो. मग छाननी होते: ही मागणी आधी कोणी केली आहे का? असेल तर नवी नोंद जुन्या नोंदीला जोडून बंद करतात. अनेकांना हा अपमान वाटतो. प्रत्यक्षात दहा ठिकाणी विखुरलेली चर्चा एका जागी आणण्याचा तो मार्ग आहे.

त्यानंतर प्रश्न विचारले जातात. नेमकी अडचण काय? आज ती कशी सोडवता? किती लोकांना ती भेडसावते? उत्तरे मिळाली की मागणी मान्य होते, नाकारली जाते किंवा ‘कोणी करून दिले तर घेऊ’ या वर्गात जाते. मागणी मान्य झाली म्हणजे काम सुरू झाले असे नाही. कोणीतरी कोड लिहावा लागतो, दुसऱ्याने तो तपासावा लागतो. मग चाचण्या, मदतीचा मजकूर, भाषांतर आणि शेवटी नवी आवृत्ती. यातली एक पायरी करायला माणूस नसेल, तर मान्य झालेली मागणीही अडकते.

‘हो’ म्हणणे महाग का पडते?

नवे फीचर एकदा लिहून भागत नाही. पुढच्या प्रत्येक आवृत्तीत ते चालते ठेवावे लागते, त्याच्या तक्रारी ऐकाव्या लागतात, आणि त्यातून सुरक्षेला भगदाड पडत नाही ना, हेही पाहावे लागते.

याचे सर्वात भयंकर उदाहरण म्हणजे लॉगफोरजे. जावा भाषेतल्या असंख्य प्रणालींमध्ये घडामोडींची नोंद ठेवण्यासाठी हा छोटा मुक्त स्रोत घटक वापरला जातो. २०१३ साली एका वापरकर्त्याने नवी सोय मागितली आणि ती करणारा कोडही जोडून दिला. नोंद लिहिताना बाहेरच्या ठिकाणाहून माहिती ओढून आणायची ती सोय होती. मागणी वाजवी वाटली आणि कोड स्वीकारला गेला. डिसेंबर २०२१मध्ये उघड झाले, की याच सोयीचा वापर करून हल्लेखोर दूरवरच्या सर्व्हरवर आपला कोड चालवू शकतो. ‘लॉगफोरशेल’ नावाने ओळखल्या गेलेल्या या दोषाला धोक्याच्या मोजपट्टीवर १०पैकी १० गुण मिळाले. जगभरच्या कंपन्या आणि सरकारी यंत्रणा दुरुस्तीसाठी धावल्या. प्रकल्पातल्या मोजक्या स्वयंसेवकांनी त्या दिवसांत रात्रंदिवस काम केले.

त्या मागणीत वाईट हेतू नव्हता. पण आठ वर्षांपूर्वीच्या एका ‘हो’ची किंमत साऱ्या जगाने मोजली. म्हणून अनुभवी मेंटेनर नव्या मागणीकडे संशयाने पाहतात. तो उद्धटपणा नसतो.

‘नाही’ कायमचे असते का?

मास्टोडॉन हे २०१६ साली सुरू झालेले मुक्त स्रोत समाजमाध्यम. दुसऱ्याची पोस्ट आपल्या टिप्पणीसह पुढे पाठवायची सोय, म्हणजे कोट-पोस्ट, तिथे द्या, अशी मागणी अनेक वर्षे होत होती. संस्थापक ऑयगेन रोख्को यांनी ती मुद्दाम नाकारली होती. या सोयीचा वापर संवादापेक्षा इतरांची खिल्ली उडवायला आणि झुंडीने तुटून पडायला जास्त होतो, असे त्यांचे म्हणणे होते.

पण मागणी थांबली नाही. तिच्या बाजूचे मुद्देही हळूहळू पुढे आले: काही समूहांत एकमेकांची बातमी पुढे नेण्यासाठी आणि चर्चेसाठी हीच पद्धत रुळलेली होती. अखेर २०२५मध्ये मास्टोडॉनने कोट-पोस्ट आणल्या, पण अटींसह. आपली पोस्ट कोणी कोट करायची हे लेखक ठरवू शकतो, आणि कोणी कोट केलीच तर आपली पोस्ट तिथून काढून घेऊ शकतो.

सोय आली आणि ज्या भीतीपोटी ती नाकारली होती, तिच्यावरही इलाज झाला. ‘आम्हाला हवेच’ असे हजार वेळा म्हणण्यापेक्षा ‘तुमची भीती अशी दूर करता येईल’ हे सांगणारी मागणी अधिक पुढे जाते.

मग मतदान का घेत नाहीत?

सोपा उपाय वाटतो: ज्या मागणीला जास्त लाइक, ती आधी. काही प्रकल्प हे करतातही. पण त्याला मर्यादा आहेत.

फायरफॉक्समध्ये २०११ साली टॅबचे गट करायची सोय आली होती. फार थोडे लोक ती वापरतात म्हणून २०१६मध्ये ती काढून टाकली. पुढे मोझिलाने वापरकर्त्यांच्या सूचनांसाठी ‘मोझिला कनेक्ट’ सुरू केले, तेव्हा टॅब-गट ही तिथली सर्वाधिक मागणी असलेल्या सूचनांपैकी एक ठरली. एप्रिल २०२५मध्ये ही सोय नव्या रूपात परतली. आकडे एका वर्षी एक सांगतात, दुसऱ्या वर्षी दुसरे. कमी वापर म्हणजे कमी गरज असेच नसते. सोय सापडायला अवघड असणे हेही कारण असू शकते.

दुसरी मर्यादा आपल्या जास्त जवळची आहे. विकिपीडियामागच्या विकिमीडिया संस्थेने २०१५पासून वापरकर्त्यांच्या इच्छांचे मतदान घ्यायला सुरुवात केली. त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर आली ती मृत दुवे जतन केलेल्या प्रतींकडे वळवण्याची मागणी. उपयोगी कामे झाली, पण एक गोष्ट लक्षात येऊ लागली: मतदानात मोठे समूह जिंकतात. इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांपुढे छोट्या प्रकल्पांची मते किती पडणार? म्हणून २०२०च्या फेरीत विकिपीडियाला बाजूला ठेवून विकिस्रोत, विक्शनरी अशा छोट्या प्रकल्पांपुरतेच मतदान घेतले गेले. त्यात पहिली आली ती विकिस्रोतावरची पुस्तके ई-बुक म्हणून नीट उतरवून घेता यावीत ही मागणी. मराठी विकिस्रोताच्या वाचकांनाही तिचा उपयोग आहे.

मराठीसारख्या भाषेची गरज केवळ मतांच्या आकड्यावर सोडली, तर ती मागे पडते. तिथे संख्येपेक्षा पुरावा आणि नेमकेपणा उपयोगी पडतो. ‘ॲ’ आणि ‘ऱ्य’ यांची गोष्ट तेच सांगते.

‘ॲ’ आणि ‘ऱ्य’: मराठीच्या दोन मागण्या

संगणकावर कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक हे युनिकोड ठरवते. युनिकोड हे स्वतः सॉफ्टवेअर नव्हे, मानक आहे. पण तिथेही बदल हवा असेल तर कोणीही लेखी प्रस्ताव देऊ शकतो. मराठीतला ‘ॲ’ हा स्वर सुरुवातीला तिथे नव्हता. लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देत. २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली.

पण काम तिथे संपले नाही. फॉन्टमध्ये ते अक्षर काढावे लागले, कीबोर्डवर जागा द्यावी लागली, अक्षरे जुळवणाऱ्या प्रणालीला ओळख करून द्यावी लागली. आणि जुन्या पद्धतीने लिहिलेला मजकूर तसाच राहिला. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे. त्यामुळे सॉफ्टवेअरने खास काळजी घेतली नसेल, तर एका पद्धतीने ‘ॲप’ शोधल्यावर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला शब्द सापडत नाही.

‘ऱ्य’चेही तसेच. कोकणात दर्या आहे आणि दऱ्याही आहेत. हे दोन शब्द वेगळे लिहिता आले नाहीत तर मराठीचे काम चालणार नाही. आचार्यांना बोलावले की आचाऱ्यांना, हा फरकही याच अर्ध्या र वर अवलंबून आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाही, म्हणून केवळ हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये तो राहून जाऊ शकतो. युनिकोडने हा र लिहायच्या दोन पद्धती मान्य केल्या आहेत: एक नुक्ता असलेल्या ‘ऱ’वरून, आणि दुसरी साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून. दुसरी पद्धत जुन्या आवृत्तीशी मेळ राखण्यासाठी ठेवली आहे. जुने मोडू नये म्हणून दोन वाटा ठेवल्या, की शोधताना घोळ होतो. आणि एक वाट बंद करावी, तर लोकांचे जुने लेखन अडचणीत येते.

एक अक्षर लिहिता येण्यामागे अशी साखळी असते. पुण्यातल्या रेड हॅटच्या अभियंत्यांनी सांभाळलेला लोहित फॉन्ट, मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू हे मुक्त परवान्याचे फॉन्ट, आणि फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत अक्षरे जुळवणारे हार्फबझ हे तिचे काही दुवे. मागणी करताना नेमका कोणता दुवा तुटला आहे हे सांगता आले, तर ती योग्य माणसापर्यंत पोहोचते. ‘ऱ्य’ एकाच फॉन्टमध्ये फुटत असेल तर तक्रार फॉन्टकडे. सगळ्या फॉन्टमध्ये, पण एकाच ॲपमध्ये फुटत असेल तर ॲपकडे.

मूळ सॉफ्टवेअरमध्ये की बाहेरच्या जोडणीत?

बऱ्याच मागण्यांचे उत्तर ‘हो, पण इथे नाही’ असे असते. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे व्यवसायाचा हिशेब सांभाळणारे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला, तेव्हा भारतीय वापरकर्त्यांसाठी ती सोय अत्यावश्यक झाली. पण तेच सॉफ्टवेअर इतर देशांतही वापरले जाते, आणि तिथल्या दुकानदाराला जीएसटीशी देणेघेणे नाही. शिवाय कराचे नियम सतत बदलतात. म्हणून २०२२च्या १४व्या आवृत्तीपासून भारतीय करांचा भाग ‘इंडिया कंप्लायन्स’ या वेगळ्या जोड-ॲपमध्ये गेला. त्याच सुमारास आरोग्य, शिक्षण, मनुष्यबळ असे भागही मूळ सॉफ्टवेअरपासून वेगळे केले गेले.

वापरणाऱ्याला सोय मिळते, मूळ कोड आटोपशीर राहतो, आणि त्या विषयाची जाण असलेली माणसे जोडणी सांभाळतात. ‘प्लगइन म्हणून करा’ हे उत्तर मिळाले तर ते टाळाटाळ समजू नका.

दबाव टाकला तर काय होते?

‘इतके दिवस झाले, अजून काही नाही?’, ‘जमत नसेल तर दुसऱ्याला द्या’. अशा कमेंट निरुपद्रवी वाटतात. पण एक्सझेड प्रकरणाने त्यातला धोका दाखवून दिला.

एक्सझेड हे फाइल लहान करणारे छोटे साधन लिनक्सच्या बहुतेक प्रणालींत असते. ते प्रामुख्याने एकच माणूस विनामोबदला सांभाळत होता. २०२२मध्ये काही खात्यांनी त्याच्यावर दबाव वाढवला: काम संथ चालले आहे, नवा मेंटेनर घ्या. आपल्या मानसिक आरोग्याच्या अडचणी आहेत, हे त्याने जाहीरपणे लिहिले. तरी कुरबूर चालूच राहिली. त्याच काळात ‘जिया टॅन’ नावाचे खाते मदतीला पुढे आले आणि हळूहळू प्रकल्पाचे अधिकार त्याला मिळाले. २०२४च्या सुरुवातीला त्या खात्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. २९ मार्च २०२४ला अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो उघड केला. सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध घेताना तो त्यांना सापडला. दबाव टाकणारी ती खाती बनावट आणि याच कटाचा भाग असावीत, असे जाणकार मानतात.

तुमची वैतागलेली कमेंट कटाचा भाग नसते. पण थकलेल्या माणसावर तिचे ओझे तेवढेच पडते. आणि थकलेला मेंटेनर म्हणजे ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्या सगळ्यांचाच धोका.

चांगली मागणी कशी लिहावी?

समजा, लांज्यातल्या एका काजू प्रक्रिया कारखान्यात हिशेब ठेवणाऱ्या ताई मुक्त स्रोत हिशेब सॉफ्टवेअर वापरतात. त्यांनी लिहिले: ‘काजूसाठी वेगळे बटण द्या.’ परदेशातल्या मेंटेनरला यातून काहीच कळणार नाही. त्यांनी असे लिहिले तर?

‘आम्ही काजूगर विकतो. गराच्या आकारानुसार डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० अशा प्रती असतात आणि प्रत्येक प्रतीचा दर वेगळा असतो. सध्या प्रत्येक प्रतीसाठी वेगळा माल नोंदवावा लागतो, त्यामुळे काजूगराचा एकूण साठा एका जागी दिसत नाही. एकाच मालाच्या अनेक प्रती ठेवून एकत्र साठा पाहता येईल का?’

आता अडचण काजूपुरती राहिली नाही. आंबा, कापड, चहा विकणाऱ्यालाही ती आहे. कदाचित कोणी उत्तर देईल, ‘मालाचे प्रकार नोंदवायची सोय आधीच आहे, इथे पाहा.’ मागितलेले बटण मिळणार नाही, पण अडचण त्याच दिवशी सुटेल.

थोडक्यात लक्षात ठेवण्यासारखे:

• आधी शोधा. जुनी नोंद असेल तर तिथेच आपला वेगळा अनुभव लिहा. ‘मलाही हवे’ एवढेच म्हणायचे असेल तर अंगठ्याची खूण पुरेशी आहे.
• उपायाआधी अडचण सांगा. आज काय करता आणि ते कुठे अडते, हे लिहा.
• एका नोंदीत एकच मागणी करा.
• ॲपची आवृत्ती, फोन किंवा संगणक, आणि गरज असेल तर स्क्रीनशॉट द्या. त्यात कोणाचा नंबर किंवा खासगी माहिती नाही ना, ते तपासा.
• इंग्रजी मोडकेतोडके असले तरी चालते. मराठी अक्षराचा प्रश्न असेल तर बरोबर आणि चूक अशी दोन्ही चित्रे शेजारी ठेवा.
• विचारलेल्या प्रश्नांना उत्तर द्या. उत्तर न आल्यामुळे अनेक मागण्या बंद होतात.
• काय मदत करू शकता ते सांगा: चाचणी, भाषांतर, मराठी नमुने, देणगी.

आणि तरीही ‘नाही’ आले तर?

मुक्त स्रोतात आणखी वाटा आहेत. कोड येणारा कोणी ओळखीत असेल तर त्याच्याकडून बदल करून घेऊन तो प्रकल्पाला देता येतो. त्यासाठी पैसे देऊन काम करून घेणेही परवान्याला धरूनच आहे. मतभेद फारच मोठे असतील तर कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प काढायचा हक्क आहे. २०१० साली ओपनऑफिसमधून लिबरऑफिस असेच वेगळे झाले. पण वेगळी चूल मांडली की रोजचा स्वयंपाक आपल्यालाच करावा लागतो. एका फीचरसाठी ते परवडेल का, याचा विचार आधी करावा.

बऱ्याचदा इतके लांब जावेही लागत नाही. चुकलेला मराठी शब्द, नकाशात नसलेली वाडी, फुटणारे जोडाक्षर या गोष्टी कोणी सांगितल्या तरच कळतात, कारण प्रकल्प सांभाळणाऱ्यांपैकी कोणाला मराठी येत असेलच असे नाही. आपल्या भाषेतली चूक आपल्यालाच आधी दिसते. ती कमेंटमध्ये लिहून सोडून देण्याऐवजी पाच मिनिटे काढून योग्य जागी नोंदवली, तर दुरुस्ती मराठी वापरणाऱ्या सगळ्यांपर्यंत पोहोचते.